नव्या घरी टपाल येत नाही? बँकेला कळवण्याआधी पोस्टात जाऊन या

ताई, तुमची अडचण मी अशी समजलो. तुम्ही सांगलीहून फोंड्याजवळ कुर्टीला राहायला आलात, नव्या वसाहतीतल्या रो-हाउसमध्ये, भाड्याने. बँकेला पत्ता कळवला, तरी एटीएम कार्ड ‘अपुरा पत्ता’ असा शेरा घेऊन परत गेले. सासूबाईंच्या पेन्शनचे पत्र सांगलीच्या जुन्या घरीच पडले. कुरिअरवाले मात्र बरोबर दारात येतात. आणि तुम्ही विचारता की पोस्टात नवा पत्ता नोंदवायचा फॉर्म कुठे मिळतो.

असा फॉर्म नाही. कोणत्या घरात कोण राहते याची यादी पोस्ट ठेवत नाही. वीज खात्याकडे ग्राहकांची यादी असते, पंचायतीकडे घरपट्टीची असते, पोस्टाकडे फक्त पाकीट असते आणि पाकिटावर छापलेल्या तीन-चार ओळी असतात. म्हणून फॉर्म शोधण्यापेक्षा एक गोष्ट तपासा: तुम्हाला अजिबात न ओळखणारा माणूस त्या ओळी वाचून तुमच्या दारापर्यंत पोहोचेल का? ‘अपुरा पत्ता’ हा शेरा म्हणजे पोहोचू शकला नाही, एवढेच.

मी गोव्यातल्या पोस्टांत नोकरी केली. आधी सायकलवरून बीट, म्हणजे एका पोस्टमनला वाटपासाठी ठरवून दिलेला भाग, केले, मग सॉर्टिंगच्या टेबलावर बसलो, शेवटी सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. नव्याने राहायला आलेल्या लोकांची ही तक्रार मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. त्यातले काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. तुमच्या रो-हाउसला पंचायतीचा घर क्रमांक मिळाला आहे का? दिवसा घरात कोणी असते का? आणि इथे अकरा महिनेच राहणार की पुढेही? या तीन उत्तरांवर तपशील बदलतो. क्रम मात्र बदलत नाही. आधी तुमचे टपाल कोणत्या पोस्टातून वाटले जाते ते शोधायचे, मग पत्ता एका ठरावीक रूपात पक्का करायचा, मग दारावर सोय करायची, आणि त्यानंतर बँक, आधार आणि बाकीच्यांना कळवायचे. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात.

पहिली गोष्ट, पोस्ट. घराला सर्वांत जवळचे पोस्ट तेच तुमचे टपाल वाटते, असे गृहीत धरू नका. काही पोस्टांत तिकिटे मिळतात, बचत खाती असतात, स्पीड पोस्ट करता येते, पण तिथून वाटप होत नाही. वाटप दुसऱ्याच कार्यालयातून होते. शिवाय गावागावांत शाखा डाकघरे आहेत. तिथे ग्रामीण डाक सेवक काम करतात, आणि त्या शाखांचे टपाल वरच्या उपडाकघरातून येते. शाखा डाकघराला बहुधा स्वतःचा पिन कोड नसतो, वरच्या कार्यालयाचाच चालतो. म्हणजे ४०३४०१ हा पिन फोंडा शहराचा असला तरी त्याच पिनमध्ये आजूबाजूची बरीच गावे आणि वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, बसतात. पाकिटावर नुसते ‘फोंडा ४०३४०१’ लिहिले, तर सॉर्टिंग करणाऱ्याला ते शहरातल्या बीटमध्ये टाकावे की कुर्टीच्या, हे अंदाजाने ठरवावे लागते. तुमच्या कार्डाचे बहुधा असेच काहीसे झाले असावे.

म्हणून एका सकाळी, पोस्टमन बीटवर निघण्याआधी, फोंड्याच्या पोस्टात जा आणि काउंटरवर सरळ विचारा, ‘अमुक वसाहतीचे टपाल कुठून वाटले जाते आणि त्या बीटचे पोस्टमन कोण?’ दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले तर तिथे जा. सोबत साध्या कागदावर एक अर्ज न्या, पोस्टमास्तरांच्या नावे. त्यात घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, नवा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि कोणत्या तारखेपासून राहता ते लिहा. खाली हाताने छोटा नकाशा काढा: हमरस्ता, तिठा, वसाहतीचे फाटक, आत गेल्यावर कितवे घर. हा अर्ज कोणत्याही नियमाने सक्तीचा नाही. पण तो बीटच्या पिजनहोलपाशी, म्हणजे पत्रे लावायच्या खणापाशी, राहतो, आणि नेहमीचा पोस्टमन रजेवर गेला की बदली माणसाला त्याचा आधार होतो. टपाल हरवते, परत जाते किंवा चुकीच्या घरी पडते, ते बहुधा बदली माणसाच्या दिवसांत. नेहमीचा पोस्टमन दोन आठवड्यांत तुम्हाला ओळखू लागतो. बदलीवाल्याला फक्त पत्ता ओळखता येतो. पत्ता लिहायचा तो त्याच्यासाठी.

एक आग्रह करतो. अर्जात सगळ्यांची नावे लिहायची म्हणजे खरोखर सगळ्यांची. तुमच्या बँकेतले नाव माहेरचे असेल, सासूबाईंच्या पेन्शनच्या कागदांवर त्यांचे नाव वेगळ्या पद्धतीने असेल, मुलाचे टपाल त्याच्या एकट्याच्या नावावर येईल. गोव्यातली घरे घराण्याच्या नावाने ओळखली जातात. भाडेकरूचे नाव गावात कोणालाच माहीत नसते. तुमच्या नावाचे पाकीट घेऊन पोस्टमनने शेजारी विचारले आणि ‘अशी कोणी इथे राहत नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्याने काय करावे?

आता पिन. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे जाणकार. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि चुकीची स्पेलिंग यांतून वाट काढण्यासाठी हे सहा आकडे आले. पहिले तीन आकडे टपाल कोणत्या भागात जायचे ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. पूर्ण गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात. याचा उपयोग किती, ते शिरोड्यावरून कळते. एक शिरोडा आपल्या फोंडा तालुक्यात, ४०३१०३. दुसरा शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात, सिंधुदुर्गात, त्याचा पिन ४१६ ने सुरू होतो. गोव्यातल्या गोव्यात पाहायचे तर केरी तीन आहेत: एक पेडण्यात तेरेखोलजवळ, एक सत्तरीत, एक फोंड्यात. जुने गोवे ४०३४०२ आणि गोवा वेल्हा ४०३१०८ ही दोन्ही तिसवाडीतच असून वेगळी गावे आहेत, आणि यांची टपाले एकमेकांकडे जाताना मी पाहिली आहेत. पर्वरीत तर एका बाजूला ४०३५०१ आणि दुसऱ्या बाजूला ४०३५२१.

पिन आणि गाव यांचे जुळले नाही तर सॉर्टिंग करणारा आधी पिनवर विश्वास ठेवतो. यंत्रही तेच करते. पत्र आधी चुकीच्या कार्यालयात जाते, तिथे कोणीतरी गावाचे नाव वाचून दुरुस्त करते आणि पुढे पाठवते. त्यात दिवस जातात. म्हणून पिन मोबाइलच्या नकाशावरून किंवा दुकानाच्या पाटीवरून उचलू नका. पोस्टात गेलात की तिथेच विचारून घ्या. आता पोस्टाने आपल्या जागेवरून पिन शोधायची ऑनलाइन सोयही केली आहे, ती ताळा म्हणून वापरा. पण हद्दीवरच्या वसाहतीत शेवटचा शब्द वाटप करणाऱ्या कार्यालयाचा.

यानंतर पत्त्याच्या ओळी. गोव्यात बाहेरून आलेल्या माणसाची सर्वांत जास्त गफलत इथे होते, म्हणून थोडा वेळ घेतो.

तुमच्या घराला बहुधा दोन क्रमांक आहेत. एक बिल्डरने दिलेला, ‘रो-हाउस नंबर ७’ असा, आणि दुसरा पंचायतीचा घर क्रमांक, जो घरपट्टीच्या पावतीवर असतो. तुमच्याकडे तो कुर्टी-खांडेपार पंचायतीचा असेल. बँकेच्या किंवा सरकारी कागदावर पंचायतीचा क्रमांक लागतो, पोस्टमनला वसाहतीच्या आत बिल्डरचा क्रमांक लागतो. म्हणून दोन्ही लिहा. पण हे ध्यानात ठेवा की गावात घर क्रमांक रस्त्याच्या ओळीने असतीलच असे नाही. एका घराच्या शेजारी भलताच क्रमांक असू शकतो, आणि एकाच जुन्या घराचे वाटे झाले की त्याच क्रमांकापुढे ‘ए’, ‘बी’ किंवा ‘/१’, ‘/२’ लागत जातात. त्यामुळे नुसत्या घर क्रमांकावर इथे कोणी घर शोधू शकत नाही, वाड्याचे नाव हवेच. पुण्या-सांगलीकडे पेठ आणि गल्ली जे काम करते ते इथे वाडा करतो. तुमच्या वसाहतीचे नाव कितीही आकर्षक असले तरी ती ज्या वाड्यात आहे त्याचे नाव मालकांना विचारा आणि लिहा. वसाहतीची नावे बदलतात, पाट्या गळून पडतात, एकाच बिल्डरच्या चार वसाहतींना एकच नाव आणि पुढे एक, दोन, तीन असते. वाडा जागचा हलत नाही.

घर अगदी नवे असेल आणि पंचायतीचा क्रमांक अजून पडलेला नसेल, तर बिल्डरचा क्रमांक, वसाहत, वाडा आणि मालकांच्या नावाचा केअर ऑफ यावर काम चालते. पण मालकांकडून कळून घ्या की क्रमांक कधी मिळणार. ऑक्युपन्सीचा, म्हणजे घर राहण्यायोग्य असल्याचा, दाखला झाल्यावर पंचायत तो देते. मिळाला की तुमचा पत्ता पुन्हा एकदा बदलावा लागेल, म्हणून तोवर फार ठिकाणी कळवत सुटू नका. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: सर्व्हे नंबर पत्ता म्हणून देऊ नका. भाडेकरारात ‘सर्व्हे नंबर अमुक, सब-डिव्हिजन तमुक’ असे लिहिलेले असते आणि लोक तेच फॉर्मवर उतरवतात. तो जमिनीचा क्रमांक आहे. पोस्टमनकडे जमिनीचे नकाशे नसतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी याच ओघात सांगतो. आमच्याकडे फ्लॅटचे क्रमांक ‘जी-२’, ‘एफ-१’, ‘एस-३’, ‘टी-१’ असे असतात, म्हणजे तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा. बँकेच्या फॉर्मवर लिहिताना अक्षर गळते आणि नुसता ‘३’ उरतो. मग चार मजल्यांवर चार ‘३’ असतात. ब्लॉकचे अक्षर आणि मजल्याचे अक्षर दोन्ही लिहा, आणि छापील पाकीट आले की ते नीट छापले गेले का पाहा.

खूण लिहा, पण एकच आणि नेमकी. ‘सातेरीच्या देवळाजवळ’ ही खूण गोव्यात खूण नव्हे, कारण सातेरीचे देऊळ गावोगावी आहे. ‘चॅपेलजवळ’ किंवा ‘वडाकडे’ हेही तसेच. पंचायत घर, प्राथमिक शाळा, ठरावीक नावाचे दुकान, पाण्याची टाकी, असे काही द्या की जे त्या वाड्यात एकच आहे. दुकाने बंद पडतात, म्हणून सरकारी इमारत असेल तर ती बरी.

गावाचे रोमन स्पेलिंग पोस्टाच्या यादीत आहे तसेच लिहा. कुंकळ्ळी, साखळी, केपे, काणकोण, कुठ्ठाळी यांची रोमन रूपे पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आहेत. बाहेरगावाहून आलेला माणूस उच्चारावरून स्पेलिंग करतो, बँकेचा संगणक ते जसेच्या तसे छापतो आणि दूरच्या सॉर्टिंग केंद्रात बसलेल्या माणसाला ते गाव यादीत सापडत नाही. स्थानिक पोस्टमनला अर्थातच कळते, पण पत्र त्याच्यापर्यंत यायला हवे ना!

जिल्ह्याचेही एक सांगून ठेवतो. फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. जुन्या कागदांवर, आणि मालकांच्या काही दाखल्यांवरही, ‘उत्तर गोवा’ सापडेल. टपाल वाटायला त्याने फारसे बिघडत नाही, पण आधारवर एक आणि बँकेत दुसरा जिल्हा लागला की केवायसीत अडचण येते. सगळीकडे दक्षिण गोवा लिहा.

हे सगळे जमवून पत्ता साधारण असा होतो. आधी नाव. खाली केअर ऑफ मालकांचे नाव. मग ‘घर क्रमांक अमुक, रो-हाउस ७, वसाहतीचे नाव’. मग ‘वाडा, पंचायत घराजवळ’. मग ‘कुर्टी, फोंडा’. शेवटी ‘गोवा ४०३४०१’. तो एकदा कागदावर लिहून मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी शब्दशः तोच भरा. फॉर्ममध्ये अक्षरांची मर्यादा असते. ती संपली तर वसाहतीचे नाव छोटे करा, खूण गाळा, पण वाडा आणि गाव गाळू नका.

आता दार. पत्रपेटीकडे लोक शोभेची वस्तू म्हणून पाहतात आणि ती व्हरांड्यात लावतात. फाटकाला कुलूप, आत कुत्रा, पेटी आतल्या भिंतीवर. मग पोस्टमन पत्र फाटकाच्या सळ्यांत खोचतो. जून ते सप्टेंबर ते पत्र एका सरीत लगदा होते. पेटी कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला लावा, दुचाकीवरून न उतरता हात पोहोचेल अशा उंचीवर. वर पुढे आलेले छप्पर हवे, फटीवर झडप हवी, तळाला पाणी निघून जायला दोन भोके हवीत. आकार इतका हवा की लांबट पाकीट न दुमडता बसेल. लोखंडी पेटी इथल्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजते, स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची टिकते. पावसाळ्यात रोज उघडून पाहा, कारण गोगलगायी कागद खातात, आणि आमच्या भागात त्या पेटीत शिरतातच. पेटीवर घर क्रमांक, रो-हाउसचा क्रमांक आणि सगळ्यांची आडनावे देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहा, न पुसणाऱ्या रंगाने. आधीच्या भाडेकरूचे नाव राहिले असेल तर खरवडून काढा. मालकांचे नाव असू द्या.

तुमच्या वसाहतीच्या तोंडाशी पहारेकरी असेल, तर त्याच्या टेबलावर टपाल ठेवायची पद्धत पडली आहे का ते आजच विचारा. नव्या वसाहतींत बरीच घरे बाहेरगावच्या मालकांची असतात आणि वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात. पोस्टमन दोन-तीनदा आत जाऊन बंद दारे पाहतो आणि मग सगळ्यांचे टपाल फाटकावर देऊन जातो. त्याचे हे वागणे मला चूक वाटत नाही, पण पहारेकरी दर काही महिन्यांनी बदलतात आणि टपाल खणात राहते. कायम राहणाऱ्या चार-पाच कुटुंबांनी मिळून फाटकाशी पेट्यांची एक ओळ करून घ्यावी, प्रत्येक घराला एक, कुलपासह. बहुमजली इमारतींत पेट्या तळमजल्यावर लावा असे पोस्ट नेहमीच सांगत आले आहे. तीच युक्ती रो-हाउसच्या वसाहतीला लागू पडते, आणि माझ्या पाहण्यात याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

पत्ता आणि पेटी तयार झाली की लगेच बँकेला कळवू नका. आधी स्वतःलाच पत्र पाठवा. पन्नास पैशांचे साधे पोस्टकार्ड घ्या, नवा पत्ता ठरवला तसाच लिहा, एक पणजीहून टाका, एक सांगलीच्या नातेवाइकांना टाकायला सांगा. साध्या टपालाला ट्रॅकिंग नसते, म्हणून मागे टाकल्याची तारीख लिहून ठेवा. दोन्ही कार्डे पेटीत पडली की पत्ता चालतो हे सिद्ध झाले. एकच आले किंवा फार उशिरा आले, तर कार्डावरचे शिक्के पाहा. मध्ये कुठल्या भलत्या कार्यालयाचा शिक्का असेल तर पिनचा किंवा गावाचा घोळ आहे, आणि तो पाकीट हरवण्याआधी कळला.

सांगलीच्या बाजूचे कामही याच आठवड्यात करा. जुन्या घराचे टपाल वाटणाऱ्या पोस्टात पुनर्निर्देशनाचा लेखी अर्ज द्या: अमुक तारखेपासून आमच्या नावाचे टपाल या नव्या पत्त्यावर पाठवावे. ज्याच्या नावाचे टपाल त्याची सही, म्हणजे सासूबाईंची वेगळी. देशांतर्गत साध्या पत्रांना यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. ही सूचना कायमची नसते, मुदत संपली की ती पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे मुदत किती ते अर्ज देतानाच लिहून घ्या. आणि तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. बँकेच्या पाकिटांवर बहुधा ‘न मिळाल्यास परत पाठवा’ असे छापलेले असते, पुढे पाठवू नये अशीही सूचना असते. ती पाकिटे पोस्ट पाठवणाऱ्याकडेच परत करते, आणि ते तुमच्या हिताचे आहे. पुनर्निर्देशन म्हणजे विसरून गेलेल्यांसाठी जाळे: विमा, मासिक, लग्नपत्रिका, जुनी सोसायटी.

पत्ता बदलताना आधारपासून सुरुवात करा, कारण बाकी बरेच जण तोच पुरावा मागतात. ऑनलाइन करता येते, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. तो बदललेला असेल तर पोस्टमनकडूनही अद्ययावत करता येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून पत्ता बदलाचे शुल्क ७५ रुपये झाले आहे. भाडेकरूंची खरी अडचण पुराव्याची. गोव्यात वीजबिल बऱ्याचदा मालकांच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर चाललेले असते, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. नोंदणी केलेला भाडेकरार असेल तर मार्ग सोपा. नसेल तर मालकांशी आताच बोला. घरातल्या एकाचा पत्ता बदलला की बाकीच्यांचा कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो. प्रमुखाने तीस दिवसांत मान्यता द्यायची असते. सासूबाईंसाठी हा रस्ता चांगला, त्यांना वेगळा पुरावा जमवावा लागत नाही. मग बँक, पेन्शन, विमा, गॅस, अशा क्रमाने जा. अकरा महिनेच राहणार असाल तर मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड यांची घाई करू नका.

स्पीड पोस्टने येणारी पाकिटे वेगळी, त्यांच्यावर सही लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. पाठवणाऱ्याने ‘रजिस्ट्रेशन’ची जोड घेतली असेल, तर पाकीट ज्याच्या नावाचे त्यालाच किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्यालाच मिळते. नुसत्या स्पीड पोस्टला ती अट नसते, त्या पत्त्यावरच्या दुसऱ्या कोणाकडे दिले जाऊ शकते. आता ओटीपीवर वाटप करायचीही सोय आहे. म्हणून बँकेकडे तुमचा चालू मोबाइल क्रमांक असणे पत्त्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे. तुम्ही दोघे नोकरीला जात असाल तर सासूबाईंच्या नावे एक अधिकारपत्र लिहून पोस्टात द्या. दार बंद मिळाले तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवतो आणि पाकीट साधारण आठवडाभर पोस्टात राहते. ओळखपत्र घेऊन जायचे आणि आणायचे. ती चिठ्ठी पेटीत टाकलेली असते, आणि पेटी नसेल तर ती वाऱ्याने जाते. कार्ड ‘न्यायला कोणी न आल्याने परत’ जाते ते यामुळे.

सासूबाई पेन्शनर आहेत म्हणून आणखी एक. पोस्टमन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या वतीने घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला करून देतो, ७० रुपयांत. नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत त्यांना उभे करण्यापेक्षा ओळख झालेल्या पोस्टमनला आधी सांगून ठेवा.

दिवसभर घरात कोणीच नसेल, वसाहतीत पेटी लावायला परवानगीच मिळत नसेल, किंवा वर्षभरात पुन्हा घर बदलणार हे नक्की असेल, तर वाटप करणाऱ्या पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो का विचारा. टपाल आपण जाऊन आणायचे. व्यवसायाच्या टपालाला ही उत्तम सोय. आधारचा किंवा बँकेचा राहता पत्ता म्हणून मात्र तो चालत नाही, म्हणून तुमचा प्रश्न त्याने पूर्ण सुटणार नाही.

कुरिअरवाला येतो आणि पोस्ट का नाही, हे तुम्ही विचारलेच होते. कुरिअरच्या लेबलवर तुमचा मोबाइल असतो आणि तो वसाहतीच्या फाटकावरून फोन करतो. त्याला पत्ता कळतच नाही, तुम्ही त्याला फोनवर दारापर्यंत आणता. साध्या टपालावर फोन नसतो, आणि बीटचा गठ्ठा घेऊन निघालेला पोस्टमन प्रत्येकाला फोन करू शकत नाही. म्हणून कुरिअर येते याचा अर्थ पत्ता बरोबर आहे असा घेऊ नका.

डिजिपिनबद्दलही विचारणा होते. मे २०२५ मध्ये पोस्टाने ही सोय आणली: देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत. घर क्रमांक ओळीने नसलेल्या आमच्या वाड्यांना याचा पुढे फार उपयोग होईल असे मला मनापासून वाटते. रुग्णवाहिका बोलावतानाही होईल. तुमच्या दाराचा काढून ठेवा, अर्जावर लिहा. पण तो पिनऐवजी नाही, पिनच्या जोडीला आहे, आणि त्यात तुमचे नाव किंवा घर क्रमांक नसतो.

राहिले ते परत गेलेले एटीएम कार्ड. बँकेत जाऊन पाकिटाचा स्पीड पोस्ट क्रमांक मागा, दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असा तेरा जागांचा असतो. इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर टाकला की ते कुठपर्यंत आले होते आणि कोणत्या कार्यालयातून परतले ते दिसते. तिथे फोंड्याचे नाव असेल तर दोष घर आणि वाड्याच्या ओळींत आहे. फोंड्यापर्यंत आलेच नसेल तर पिन चुकला आहे. बँकेने छापलेल्या पत्त्याची प्रतही मागा, कारण तुम्ही दिलेला पत्ता आणि संगणकातला पत्ता यांत एखादी ओळ बहुधा गळलेली सापडते. नवे कार्ड लगेच मागवू नका. पोस्टकार्डे पोहोचू द्या, पत्ता दुरुस्त करून घ्या, मग मागवा, आणि निघाले की क्रमांक घेऊन पोस्टमनना सांगून ठेवा. इतके करूनही परत गेले तर १८०० २६६ ६८६८ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन वाटप करणाऱ्या पोस्टमास्तरांना भेटा.